जना नाखव्यांची उलटी प्रदक्षिणा

जनार्दन पागधरे हयात असताना खारदांड्याला कधी गेले नाहीत. वारल्यावर गेले.

निकेतला, म्हणजे त्यांच्या मुलाला, ही बातमी फोनवर कळली. तेव्हा तो जुहूच्या किनाऱ्यावर एका खांबाला शिडी लावून समुद्राचा आवाज दुरुस्त करत होता.

“निकेत पागधरे का? वेसाव्याचा?” पलीकडे कोणी म्हातारी बाई होती.

“बोला.”

“तुजा बापूस आयलाय आमच्याकडं. खारदांड्याला. येऊन बघून जा.”

“बाबा वारले,” निकेत म्हणाला.

“तं मना माहीत हाय. मडक्यातच आयलाय.”

अशा वेळी काय बोलतात हे निकेतला ठाऊक नव्हतं. शिडीवर उभं असताना तर नव्हतंच. “बरे आहेत ना?” त्याने विचारलं.

“एकदम टकाटक. एक थेंब आत गेला नाय.”

निकेतने हातातला स्क्रू पिळून घट्ट केला, खांबावरच्या भोंग्यातून लाट नीट फुटतेय ना ते ऐकलं, आणि शिडी उतरून तो खारदांड्याला निघाला.

आता समुद्राचा आवाज दुरुस्त करावा लागतो म्हणजे काय, हे सांगायला हवं. नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं की बाप गेल्यावर पोराच्या डोक्यावर परिणाम झाला. परिणाम झाला नव्हता. तोच तर घोळ होता.

मुंबईभोवतीच्या समुद्राला त्याआधी काही वर्षं ‘शांतक’ बसवला होता. किनाऱ्यापासून बरंच आत, पाण्याखाली, पोकळ पोलादी नळकांड्यांच्या रांगा. प्रत्येक नळकांडं साखळीने तळाला बांधलेलं. झोपाळ्यावरच्या माणसाला मागून वेळेवर धक्का दिला की झोका चढतो. तोच तो आपल्याकडे येत असताना उलटा धक्का दिला की झोका मरतो. नळकांडी हा उलटा धक्का देत. त्यांचं वजन आणि साखळीची लांबी अशी बेतलेली होती की लाट वर आली की ती खाली जात, लाट खाली गेली की वर. छोट्या लाटेला छोटं नळकांडं, मोठीला मोठं. एका रांगेतून सुटली तर दुसरी रांग. किनाऱ्याला पोचेस्तोवर लाटेत जीव म्हणून उरत नसे.

भरती-ओहोटीपुढे मात्र शांतकाचं काही चालत नव्हतं. तीसुद्धा लाटच, पण तिचा एक झोका अर्ध्या दिवसाचा. इतक्या सावकाश येणाऱ्या पाहुण्याला उलटा धक्का द्यायची सबुरी लोखंडात नसते. त्यामुळे पाणी चढायचं आणि उतरायचं, लिफ्टसारखं, कोणाला न विचारता आणि आवाज न करता.

वादळं आली आणि बाहेरच्या बाहेर विझली. कोणाचं छप्पर उडालं नाही, कोणाच्या घरात पाणी शिरलं नाही. पाणी ढवळलं जात नाही म्हणून त्यात हवा मिसळेना, आणि मासळी दूर निघून गेली, ते वेगळं. पण किनाऱ्यावरच्या टोलेजंग इमारतींतली माणसं तक्रार करू लागली ती भलत्याच गोष्टीची. झोप लागत नाही. समुद्र दिसतो पण बोलत नाही. मग शांतक चालवणाऱ्या कंपनीने किनाऱ्यावर खांब रोवले, खांबांवर भोंगे बसवले आणि भोंग्यांतून लाटांचा आवाज सोडला. कुठल्या तरी जुन्या किनाऱ्यावर टिपलेला आवाज होता. त्यात अधूनमधून एक कुत्रं भुंकायचं. ते काढून टाकलं तर लाटाही अर्धवट तुटत, म्हणून राहू दिलं होतं. गोराईपासून कुलाब्यापर्यंत आणि तिथून वळून ठाण्यापर्यंत एकच कुत्रं एकाच वेळी भुंके.

या भोंग्यांची देखभाल निकेत करायचा. रोज एक वस्ती. खांब, शिडी, पान्हा, पुढची वस्ती. मुलगा लाटांच्या खात्यात चिकटला हे कळल्यावर जना नाखवा, ज्यांच्या दोन होड्या आता वाळूत उपड्या पडल्या होत्या, बराच वेळ भोंगा ऐकत बसले होते. मग म्हणाले होते, “कुत्रं मढचं हाय.”

बापलेकांत त्या वर्षी झालेलं हे सर्वांत लांब बोलणं.

मडक्यात थेंब गेला नाही, याचं श्रेय प्रणालीचं. प्रणाली ही निकेतची थोरली बहीण. होड्यांना फायबरचा थर चढवून त्या पाणबंद करायच्या, हे तिचं काम. मासेमारी बसल्यापासून पर्यटकांच्या वल्हवायच्या होड्या ती दुरुस्त करी. गळकी वस्तू पाण्यात सोडणं हे तिच्या लेखी पाप. बाबांच्या अस्थी घरी आल्या तेव्हा काकांनी तिला एवढंच सांगितलं, “मडकं नीट बांध गं.” तिने बांधलं. तोंडावर फडकं ताणलं, त्यावर डांबर घातलं, डांबरासकट सगळ्या मडक्याला फायबरचे दोन हात मारले, वाळू दिलं, आणि कडा हाताला टोचू नयेत म्हणून पॉलिश पेपरने घासून काढलं. मग ब्रश घेऊन नाव टाकलं. जाळ्याला बांधलेला तरंगता बोया सुटून गेला तर ज्याला सापडेल त्याने नाव वाचून परत करावा, म्हणून कोळीवाड्यात पाण्यात जाणाऱ्या प्रत्येक वस्तूवर नाव टाकतात. ‘जना नाखवा, वेसावे’. खाली फोन नंबर. बाबांचा फोन बंद केला होता, म्हणून निकेतचा.

तिचे हात चालत होते. डोकं घरात नव्हतं. आणि तिच्या हातांना आजवर कोणी कधी बुडणारी वस्तू बनवायला सांगितली नव्हती.

ओहोटी लागल्यावर होडीतून थोडं पुढे जाऊन त्यांनी मडकं पाण्यात ठेवलं, हात जोडले आणि माघारी वळले. वळल्यावर मागे बघायचं नसतं, म्हणून कोणी बघितलं नाही. बघितलं असतं तर दिसलं असतं, की नाखवा बुडायचं नावच काढत नव्हते. पूर्वीचा समुद्र असता तर पहिल्या खडकावर मडक्याच्या ठिकऱ्या झाल्या असत्या. आता आपटणार कोण?

खारदांड्याच्या धक्क्यावर निकेत पोचला तेव्हा बैठक भरलेली होती. मधोमध प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बाबा. त्यांच्यापुढे चहाचा कप. फोन केलेली म्हातारी म्हणजे मथुरामावशी. तिने निकेतला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला आणि लगेच भांडणाकडे वळली.

भांडण असं होतं. नाव असलेला बोया वाहत आला तर तो मालकाला परत द्यायचा, हा कोळीवाड्याचा नियम. आणि समुद्राला दिलेली वस्तू समुद्रातून परत घरी आणायची नाही, हाही कोळीवाड्याचाच नियम. तर जना नाखवा बोया की दान?

“नाव हाय, नंबर हाय. बोया,” एकजण म्हणाला.

“आरं पण हात जोडून सोडलाय त्याला! दान हाय ता. पोराच्या हातात दिलास तर पोराला पाप.”

“मग ठेवूया का आपल्याकडं?”

“वेसावकराला? आपल्या धक्क्यावर?” हे हसुरामकाका. वीस माणसांच्या होड्यांची शर्यत असायची त्या काळी खारदांड्याची होडी यांच्या हाताखाली असे, आणि शेवटच्या शर्यतीत यांनी पल्ल्याचा, म्हणजे शर्यत संपते तिथला, झेंडा सरकवला, असं जना नाखवा मरेपर्यंत म्हणत होते. खारदांड्याला न येण्याचं कारण तेच. हसुरामकाका काठी टेकत खुर्चीपाशी गेले, मडक्याकडे वाकले आणि मोठ्याने म्हणाले, “जना, झेंडा नव्हता सरकवला!”

भोंग्यातून कुत्रं भुंकलं.

“बघ,” हसुरामकाका निकेतला म्हणाले, “पहिल्यांदा माझं ऐकून घेतलं तुझ्या बापसानं.” आणि त्यांनी तोंडावर पंचा धरला तो बराच वेळ काढला नाही.

शेवटी तोडगा निघाला. मालकाला कळवलं, म्हणजे बोयाचा मान झाला. आता ओहोटीला पुन्हा सोडायचं, म्हणजे दानाचाही मान झाला. बाबांना एक अबोलीची वेणी मिळाली. मथुरामावशीने त्यांना धक्क्याच्या पायरीवरून पाण्यात ठेवलं आणि पोराला शाळेत धाडताना देतात तसा मागून हलकेच धक्का दिला.

“तुला काय वाटतं रं?” तिने निकेतला विचारलं.

निकेतने शोधून पाहिलं. किल्ली सापडत नसली की माणूस सगळे खिसे चाचपतो, तसं. एकाही खिशात काही नव्हतं. “छान तरंगतायत,” तो म्हणाला.

त्याने प्रणालीला फोन केला आणि झालं ते सांगितलं.

“तरंगतायत?” ती म्हणाली.

“हो.”

“मी काय केलं रे हे.”

“चांगलं काम झालंय. सगळे विचारत होते कुठला फायबर.”

तिने फोन ठेवला.

मग वरळीहून फोन आला. तिथे बाबांना नारळ मिळाला आणि सरकारबद्दलचं एक भाषण ऐकावं लागलं. मग कुलाब्याहून. मग शिवडीहून, तिथे चिखलात उभ्या राहणाऱ्या रोहित पक्ष्यांच्या पायांत ते अडकले होते आणि पक्षी त्यांना अजिबात भीत नव्हते. निकेत भोंग्यांची कामं तशीच लावून घेऊ लागला. बाबा जिथे पोचलेले असत, तिथला भोंगा नेमका बिघडलेला निघे. तो जायचा, चहा प्यायचा, बाबांबद्दल नवीन काहीतरी ऐकायचा. वरळीच्या एकाला त्यांनी ऐन तुफानात दोर टाकून ओढून आणलं होतं. कुलाब्याला ते नाटकात काम करायला गेले होते आणि पडदा वर गेल्यावर एक शब्द न बोलता परत आले होते. घरी यातलं काही कोणाला माहीत नव्हतं. निकेत ऐकायचा, मान हलवायचा, बाबांना ओहोटीला लावून द्यायचा.

हयातीत बाबांनी त्याला कधी फोन केला नव्हता. एकदाही नाही. फोन हातात धरून ते दुसऱ्या कोणाला म्हणायचे, “त्याला विचार जेवायला येतोय का.” आता रोज त्यांच्यापायी फोन वाजे. निकेत पहिल्या घंटीला उचलायचा आणि नंबर जपून ठेवायचा. ‘बाबा खारदांडा’. ‘बाबा वरळी’. ‘बाबा कुलाबा’. ‘बाबा शिवडी’.

प्रणालीला त्याने वरळीनंतरच सांगून टाकलं होतं, की बुडाले.

हे खोटं त्याने का सांगितलं, ते त्यालाही नीट कळलं नाही. ती रोज विचारायची, “गेले का?” आणि रोज “नाही” ऐकून तिचा चेहरा पडायचा. म्हणून एक दिवस तो “हो” म्हणाला. तिने डोळे मिटले, वरळीच्या दिशेने हात जोडले, आणि दुसऱ्या दिवशी बाबांचा बिछाना काढून देऊन टाकला. इतके दिवस घडी न मोडता ठेवला होता.

सबनीस साहेबांनी त्याला बोलावलं ते बाबा एका रात्री, कोणाला न दिसता, वेसाव्यावरून पुढे गेले त्यानंतर. सबनीस म्हणजे कंपनीतले निकेतचे वरिष्ठ. अतिशय सभ्य माणूस, आवाज कधी चढत नसे, स्वतःलाही एखादं नळकांडं बसवून घेतल्यासारखा.

“पागधरे, बसा. तुमच्या वडिलांबद्दल ऐकलं. वाईट झालं.”

“धन्यवाद सर.”

“ते आमच्या पाण्यात आहेत.”

“हो सर.”

सबनीसांनी भिंतीवरच्या पडद्यावर नकाशा लावला. शहराभोवती एक बारीक तांबडी रेघ वळसा घालत होती.

“हे बघा. आपण धरून चालतो की भरतीला जेवढं पाणी येतं तेवढंच ओहोटीला जातं, हिशेब मिटला. तसं नसतं. येताना पाणी एका वाटेने येतं, जाताना जराशा वेगळ्या. येण्यातून जाणं वजा केलं की चिमूटभर प्रवाह उरतो. पूर्वी लाटा ही चिमूट विस्कटून टाकायच्या. आता विस्कटणारं कोणी नाही. तेव्हा जे तरंगतं ते एकाच वाटेने जातं. पश्चिम किनाऱ्याने खाली, कुलाब्याला वळसा, बंदरातून शिवडी, ठाण्याची खाडी, घोडबंदर, मग वसईच्या खाडीतून बाहेर, गोराई, मढ आणि परत वेसावे. आमच्या तज्ज्ञांना हे वर्षभर सिद्ध करता येत नव्हतं. तुमच्या वडिलांनी केलं.”

“त्यांना आवडलं असतं सर,” निकेत म्हणाला. खरं तर बाबांना काय आवडलं असतं याची त्याला काडीची कल्पना नव्हती.

“दुसरा फेरा चालू आहे त्यांचा. आता अडचण अशी, की अमावास्येच्या उधाणाला आपण सफाईची बोट सोडतोय. तरंगणारं सगळं ती ओढून घेते आणि दळते. बाटल्या, थर्माकोल, सगळं. बोटीला नावं वाचता येत नाहीत.” सबनीसांनी चष्मा पुसला. “त्याआधी काहीतरी करा. मी तुम्हाला माणूस म्हणून सांगतोय.”

काहीतरी म्हणजे काय, हे उघड होतं. मडक्याला भोक पाडायचं. घरी आणता येत नाही, बाहेर ठेवता येत नाही, तेव्हा फोडायचं, आणि फोडायचं ते मुलाने. निकेत त्या दिवसापासून पिशवीत ड्रिल घेऊन हिंडू लागला. ठाण्याला गेला, ड्रिल बाहेर काढलं, शेजारच्या भोंग्याचा पत्रा उगाच सरळ केला आणि परत आला. घोडबंदरला खाडीच्या कडेला एका बाईने बाबांसमोर उदबत्ती लावली होती. उदबत्ती विझेपर्यंत थांबू म्हणाला, विझल्यावर ओहोटी लागली होती. अमावास्या जवळ येत होती. त्याला घाई वाटायला हवी होती. ती कुठे असते ते तो पुन्हा खिशात चाचपत राहिला.

प्रणाली एका होडीच्या पोटाला पॉलिश पेपर घासत होती आणि निकेत शेजारी जेवत बसला होता, तेव्हा त्याचा फोन वाजला. फोन तिच्या बाजूला होता. तिने पडद्यावर बघितलं आणि घासणं थांबवलं.

पडद्यावर लिहिलं होतं, ‘बाबा शिवडी’.

वाजून वाजून फोन थांबला. मग पुन्हा वाजला. ‘बाबा शिवडी’. नंतर कळलं की तिथल्या माणसाने फक्त भोंगा बंद पडल्याचं सांगायला फोन केला होता.

“हे काय आहे?” प्रणालीने विचारलं.

निकेतने घास गिळला. “शिवडीचे बाबा.”

तिने फोन हातात घेतला आणि नंबरांची यादी वरून खाली सरकवत नेली. बाबा, बाबा, बाबा. सगळा किनारा.

“तू म्हणालास बुडाले.”

“बुडतील असं वाटलं होतं.”

“मी त्यांचा बिछाना दिला, निकेत.”

“हो.”

“त्यांच्या नावाने जेवण घातलं मी. लोक येऊन म्हणाले, सुटला बिचारा. मी पण म्हणाले, सुटले. आणि ते तिकडे…” “कुठे आहेत आत्ता?”

“मढच्या अलीकडे असतील. पूर्ण प्रदक्षिणा झाली, आता दुसरी.”

“प्रदक्षिणा उजवीकडून घालतात. हे उलटे फिरतायत.”

“बाबांनी सरळ काय केलंय कधी?”

प्रणालीच्या नाकातून एक आवाज निघाला. तो हसण्याचा होता की कसला, ते सांगणं कठीण. मग तिने हातातला पॉलिश पेपर त्याच्या अंगावर फेकून मारला. तो त्याच्या ताटात पडला.

“का सांगितलं नाहीस? खरं बोल. एक वाक्य तरी खरं बोल आयुष्यात, त्यांच्यासारखा वागू नकोस.”

निकेतने ताटातून पेपर उचलला, त्यावरचा भात झटकला. “फोन यायचे,” तो म्हणाला. “त्यांचे. म्हणजे त्यांच्याबद्दल. रोज यायचे.” त्याने थोडा विचार केला. “फोडलं तर येणार नाहीत.”

हे ऐकून प्रणाली भडकेल असं त्याला वाटलं होतं. ती उठली, हात धुतले आणि दारामागचं वल्हं घेतलं.

“उद्या अमावास्या. सफाईच्या बोटीची नोटीस लागलीय धक्क्यावर,” ती म्हणाली. “दळून निघणार आहेत का बाटल्यांबरोबर? चल. ड्रिल घे.”

रात्रभर शोधल्यावर सकाळच्या उन्हात मढच्या पुढे बाबा त्यांना दिसले. वेणी सुकून गळून गेली होती, फायबरवर कोणीतरी कुंकू लावलं होतं, नाव मात्र काल लिहिल्यासारखं ठळक. पाणी तेलासारखं सपाट. प्रणालीने होडी शेजारी नेली, दोन्ही हातांनी मडकं धरलं, आणि तोंडाच्या सांध्यावरून अंगठा फिरवला. कुठे सुटलंय का बघायला. सवयीने.

“मी बंद केलंय,” ती म्हणाली. “उघडायचं तू.”

निकेतने मडक्याच्या पोटाला ड्रिल लावलं. फायबर असं जमलं होतं की टोक घसरत होतं. दुसऱ्या खेपेला आत शिरलं. बारीक पांढरा भुसा उडाला, तो फायबरचा होता की बाबांचा, ते दोघांनीही विचारलं नाही. त्याने वर तोंडापाशी आणखी एक भोक पाडलं, हवा बाहेर यायला. प्रणालीने मडकं पाण्यात सोडलं आणि ते दोघं माघारी वळायचं सोडून बघत बसले.

मडकं काही बुडेना.

“भोकं लहान पडली,” निकेत म्हणाला.

“काम चांगलं झालंय,” प्रणाली म्हणाली, आणि ती रडायला लागली. रडत रडतच तिने वल्हं धरलं, कारण बाबा पुढे चालले होते.

मग ते बाबांच्या बरोबरीने निघाले. वेसाव्यावरून गेले. आपला धक्का आला, आपल्या दोन उपड्या होड्या दिसल्या, काका पायरीवर दात घासत होते ते तसेच ब्रश तोंडात धरून उभे राहिले. बाबा थांबले नाहीत. धक्क्यावर हळूहळू माणसं जमली, कोणी हाक मारली नाही, सगळे नुसते उभे. मडकं आता गळ्यापर्यंत पाण्यात होतं. निकेतला वाटलं, बाबा पाण्यात उतरले की असेच दिसायचे, डोकंच तेवढं वर. एवढं त्याला स्पष्ट आठवलं. मग पुन्हा काही नाही.

“वळायचं का?” त्याने विचारलं.

“बुडू देत.”

जुहूच्या पलीकडे एक नवी इमारत पाण्यातच पाय सोडून उभी होती, तिच्या सर्वांत खालच्या गॅलरीपासून पाणी हाताच्या अंतरावर. तिथे मडक्याने एक मोठा बुडबुडा सोडला. ‘जना’ पाण्याखाली गेलं. ‘नाखवा’ गेलं. नंबर थोडा वेळ दिसत राहिला, तो निकेतचाच होता, आणि मग पाणी जसं होतं तसं झालं. तरंगसुद्धा उठला नाही.

प्रणालीने हात जोडले. निकेतनेही जोडले. भोंग्यातून लाट फुटली आणि विरली.

गॅलरीत एक बाई कपडे वाळत घालत होती. ती कधीपासून उभी होती कोण जाणे. तिने एक ओला टॉवेल छातीशी धरला होता आणि ती पाण्याकडे बघत होती.

“अहो,” तिने हाक मारली, “ते मडकं यायचं, ते तुमचं का? आम्ही वाट बघतो त्याची. माझी सासू रोज विचारते. जना नाखवा आले का, म्हणते. तिला फिरता येत नाही ना, तेवढंच एक येणंजाणं.” ती थांबली. “आत्ता इथेच होते की. परत कधी येतील?”

प्रणालीने निकेतकडे बघितलं. तिच्या दोन्ही हातांत वल्हं होतं.

निकेत उभा राहिला. होडी एका बाजूला कलली, सावरली. काय सांगायचं ते त्याला माहीत होतं. एवढे दिवस दर धक्क्यावर, दर चहाच्या कपापाशी ते त्याला माहीतच होतं.

“आता नाही येणार ते,” तो म्हणाला.

बाईने मान हलवली. टॉवेल दोरीवर टाकला, त्याला चिमटा लावला आणि सासूला सांगायला आत गेली.

“आता नाही येणार,” निकेत पुन्हा म्हणाला. गॅलरीत कोणी नव्हतं. कोणी विचारलंही नव्हतं. त्याचा आवाज त्यालाच ओळखू येईना, म्हणून त्याने ते आणखी एकदा म्हणून पाहिलं, आणि या खेपेला वाक्य पुरं व्हायच्या आत त्याला खाली बसावं लागलं.

प्रणालीने होडी घराकडे वळवली.